शनवार तेल्यांचा शब्बाथ

अश्दोद, इस्राएल

प्रिय बाळा,

वसतिगृहातून तू विचारलंस: आजी शनिवारी गॅस पेटवून चहा करते, मित्र म्हणतो हे शब्बाथ, म्हणजे आपला यहुद्यांचा शनिवारचा विसाव्याचा दिवस, मोडणं झालं, मग ज्यांना नियमच ठाऊक नव्हते त्या कोकणातल्या आपल्या बेने इस्राएल यहुदी माणसांनी शब्बाथ पाळला असं म्हणायचं तरी का?

गॅसचं मित्र बरोबर बोलतो. शब्बाथला विस्तव पेटवू नये हे थेट तोरातच, आपल्या मूळ धर्मग्रंथातच आहे. त्यावर त्याच्याशी वाद घालू नकोस, आणि आजीशी तर मुळीच नको.

कोकणाचं मात्र वेगळं. अलिबागजवळ नवगावला गलबत फुटून आपले पूर्वज किनाऱ्याला लागले, असं आपल्यात सांगतात. जवळ ना रब्बी म्हणजे धर्मगुरू, ना तालमूद हा धर्मनियमांच्या चर्चेचा ग्रंथ. मिश्ना या रब्बींच्या जुन्या नियमसंग्रहाने शब्बाथला मना केलेली 39 कामं त्यांच्या कानावरही नव्हती. 'देव एकच' सांगणारी शमा ही प्रार्थना तेवढी तोंडपाठ. धंदा तेल गाळायचा, आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव त्यांना 'शनवार तेली' म्हणे. हातावर पोट असताना, शेजारचा तेली गाळतोय हे बघत दिवस बुडवायचा! आणि घाणा ओढतो कोण? बैल. तोरातल्या निर्गम या पुस्तकाच्या 23व्या अध्यायात सातव्या दिवसाचं कारणच दिलंय: तुझ्या बैलाला, गाढवाला विसावा मिळावा, दासीच्या मुलाला नि परक्याला दम घेता यावा. त्या 39 कामांची यादी न वाचता आपल्या लोकांनी तो बैल सोडला होता.

नियम नकोत असं मी म्हणत नाही. शनिवारी माझा फोन बंद असतो तो नियमामुळेच. नुसतं 'विसावा घे' म्हटलं असतं तर मी ऑफिसच्या निरोपांना उत्तरं देत बसले असते. मला राग येतो तो दुसऱ्याच्या घरात डोकावून नियम मोजणाऱ्यांचा. 1962 साली इथल्या मुख्य रब्बीमंडळाने फर्मान काढलं: बेने इस्राएल माणूस इतर यहुद्याशी लग्न करणार असेल तर आधी त्याचं कूळ मागच्या पिढ्यांपर्यंत तपासा. ज्यांना गावंच्या गावं शनिवारावरून ओळखत होती, त्यांच्याकडे पुरावा मागितला! आपली माणसं येरुशलेमला धरणं धरून बसली, तेव्हा 1964 साली ते मागे घेतलं गेलं.

मित्राला वाद घालायचाच असेल तर त्याला रब्बींचंच वाक्य ऐकव, जीव वाचवण्यासाठी शब्बाथ मोडावा हे सांगताना आलेलं: शब्बाथ तुमच्या हाती दिलाय, तुम्हाला शब्बाथच्या हाती नाही.

शुक्रवारी दुपारचीच बस धर. चुकली तर शनिवारी रात्रीपर्यंत दुसरी नाही.

तुझी आई