ट्रॅक डेसाठी गाडीत डेटा लॉगर कुठे बसवावा आणि वापरावा कसा? फोनवरचं ॲप पुरत नाही का?

तुम्ही लिहिलंय की पोलो घेऊन पहिल्यांदाच कोइम्बतूरला, कारी मोटर स्पीडवेवर ट्रॅक डेला, म्हणजे आपलीच गाडी रेस ट्रॅकवर पळवायला, निघालाय. फोनवर लॅप टायमरचं, म्हणजे ट्रॅकच्या एका फेरीची वेळ मोजणारं, ॲप टाकलंय आणि मित्र म्हणतोय, वेगळा लॉगर (गाडीचा वेग आणि जागा सतत नोंदवणारं यंत्र) घेतल्याशिवाय जाऊच नकोस. मित्राचं निम्मं बरोबर आहे. माझीही पोलोच आहे. पुण्याहून गाडी चालवत जायचं, म्हणजे एका बाजूने साधारण १,२०० किलोमीटर, दिवसभर ट्रॅकवर पिळायची आणि त्याच गाडीतून घरी यायचं, हा उद्योग मी काही वर्षं करतोय. त्यामुळे रेसिंग टीमला जे लागतं ते सोडून देतो, आपल्यासारख्यांना जे लागतं तेवढंच सांगतो.

आधी बसवायचं बोलू, कारण माझी चूक तिथेच झाली. पहिल्या वेळी मी फोन काचेवर सक्शन कपच्या होल्डरमध्ये लावला होता. रोज ऑफिसला जाताना लावतो तसाच. दुसऱ्या सेशनपर्यंत ऊन चढलं, एसी बंद, काच तापलेली. मेन स्ट्रेटच्या, म्हणजे ट्रॅकच्या मुख्य सरळ पट्ट्याच्या, शेवटी जोरात ब्रेक मारला आणि होल्डरसकट फोन सुटला, गुडघ्यावर आपटला आणि पायात गेला. पुढच्या वळणात माझं अर्धं लक्ष रस्त्यावर आणि अर्धं ब्रेक पेडलखाली काही अडकतंय का याकडे. काही अडकलं नाही. उरलेली लॅप गोगलगाईच्या वेगाने काढून पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या थांबतात तिथे, आलो. तेव्हापासून सक्शन कप गाडीत आणत नाही. २०० ग्रॅमचा फोन किरकोळ वाटतो, पण धडकेत ३० जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या तीसपट जोर, लागला तर त्या क्षणी तो ६ किलोचा असतो.

आता माझा लॉगर डॅशबोर्डच्या मधोमध, काचेच्या बुडाशी बसतो. कडक प्लॅस्टिकच्या बारीक मशरूमसारख्या दांड्या असलेली, दाबली की टक् आवाज करून बसणारी पट्टी मिळते, ती वापरतो. साधा वेल्क्रो नको, तो मऊ असतो आणि लॉगर त्यावर थरथरतो. चिकटवायच्या आधी डॅशबोर्ड सर्जिकल स्पिरिटने दोन-तीनदा पुसा. वॉशिंग सेंटरवाले जे चकचकीत पॉलिश फासतात ना, त्यावर जगातली कुठलीही टेप टिकत नाही. आणि हे काम निघायच्या निदान तीन दिवस आधी करा. चांगली फोम टेप पूर्ण ताकदीने धरायला बहात्तर तास घेते. आदल्या रात्री चिकटवून सकाळी गाडी काढू नका.

डाव्या बाजूला एअरबॅगच्या झाकणावर काहीही लावू नका. एअरबॅग उघडली तर ती वस्तू थेट तोंडावर येते. वायर असेल तर ती डॅशबोर्डच्या फटीतून डावीकडे न्या, ड्रायव्हरच्या पायाकडे एकही वायर लोंबू देऊ नका. शेवटी हाताने धरून जोरात हिसका द्या. लॉगर हलला तर परत लावा.

जागा निवडताना अजून एक गोष्ट बघायची, आकाश. जीपीएसला वर मोकळं लागतं. पोलोची काच साधी आहे, पण काही महागड्या गाड्यांच्या पुढच्या काचेत उष्णता अडवणारा धातूचा थर असतो, तो सिग्नल खातो. धातूची फिल्म लावलेली काचही तसंच करते. अशा गाडीत बाहेरचा अँटेना घेऊन तो टपाच्या मध्यावर लोहचुंबकाने बसवायचा आणि वायर दाराच्या रबरातून आत घ्यायची. खाली स्टीलचा टप असला की अँटेना सिग्नल चांगला पकडतो, म्हणून कडेपेक्षा मध्य बरा. स्वस्तातला यूएसबी चार्जर किंवा डॅशकॅम मात्र अँटेनाशेजारी ठेवू नका. माझ्या एका मित्राच्या गाडीत उपग्रह सारखे गायब व्हायचे, चार्जर काढला आणि झटक्यात सगळे परत आले.

आता तुमचा मुख्य प्रश्न, फोन पुरेल का? फोनचा जीपीएस बहुतेक वेळा सेकंदाला एकदाच आकडा देतो. १२० च्या वेगाला गाडी एका सेकंदात ३३ मीटर जाते. म्हणजे अख्खा ब्रेकिंग झोन दोन-तीन ठिपक्यांत संपतो, मधलं सगळं ॲपने रेघ ओढून भरलेलं. १० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला दहा आकडे देणाऱ्या, रिसीव्हरला हेच अंतर सव्वातीन मीटर, २५ हर्ट्झला दीड मीटरच्याही आत. त्यामुळे 'माझी लॅप साधारण किती?' एवढंच हवं असेल तर फोन चालेल. 'वेळ कुठे जातोय?' हे हवं असेल तर नाही. पण त्यासाठी एआयएम सोलो किंवा व्हीबॉक्ससारखं पूर्ण यंत्र पहिल्याच वेळी घ्यायची गरज नाही. रेसबॉक्ससारखा काड्यापेटीपेक्षा थोडा मोठा २५ हर्ट्झचा ब्लूटूथ रिसीव्हर डॅशबोर्डवर आणि रेसक्रोनो ॲप चालू केलेला फोन चेन लावलेल्या बॅगेत, डिक्कीत बांधून, ही जोडी मला तीन वर्षं पुरली. फोन डोळ्यांसमोर नसणं हा तोटा नाही, फायदा आहे. पहिल्या वर्षी स्क्रीनवरचं हिरवं-लाल बघत चालवणारा माणूस वळण चुकतोच.

रिसीव्हर पिटच्या पत्र्याच्या शेडखाली चालू करू नका. उघड्यावर गाडी लावून पाचेक मिनिटं द्या. प्रत्येक उपग्रहाची कक्षेची माहिती दर ३० सेकंदांनी पुन्हा येते, आणि ती नीट पकडल्याशिवाय पहिली लॅप वाकडीतिकडीच दिसते.

ओबीडीचं, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरकडून माहिती घ्यायच्या जोडणीचं, लोकांना फार आकर्षण असतं. स्टिअरिंगखालच्या पोर्टमध्ये स्वस्तातला ब्लूटूथ डोंगल खोचला की आरपीएम, थ्रॉटल, कूलंटचं तापमान सगळं मिळतं, हे खरं. पण हा डोंगल एका वेळी एकच प्रश्न विचारतो. चार गोष्टी मागितल्या की प्रत्येकीचा वेग चौथाई होतो. शिवाय ओबीडीच्या ठरलेल्या यादीत ब्रेकचं प्रेशर नाहीच, आणि वेग पूर्ण आकड्यातच मिळतो, ८७ किंवा ८८, मधलं काही नाही. मी थ्रॉटल आणि कूलंट एवढंच घेतो. वेग नेहमी जीपीएसचा.

कारण जीपीएसचा वेग फार विश्वासू असतो, जागा तेवढी नसते. वेग तो सिग्नलच्या डॉपलर बदलावरून (हालचालीमुळे सिग्नलच्या वारंवारतेत पडणाऱ्या फरकावरून) काढतो, त्यात चूक अगदी थोडी. जागेत मात्र दोन-तीन मीटर सहज इकडेतिकडे होतात. ट्रॅकची रुंदी दहा मीटरच्या आसपास. मग नकाशावर आपल्या दोन लॅपच्या रेघा बघून 'या लॅपला मी एपेक्सला (वळणाच्या सगळ्यात आतल्या बिंदूला) जास्त आत होतो' असं म्हणणं व्यर्थ आहे. रेघ बघायची तर कॅमेरा लावा. अनेकजण ॲपवरच्या त्या रंगीत रेघेवर तासभर वाद घालतात. मीही घातलाय.

जी-फोर्सचंही असंच. वळणात गाडी तीन अंश कलली तर नुसत्या गुरुत्वाकर्षणामुळे सेन्सर ०.०५ जी उगाच दाखवतो. लॉगर सपाट, गाडीच्या दिशेला सरळ बसवा, सपाट जमिनीवर कॅलिब्रेट करा आणि मग दुसऱ्या दशांश स्थळावरून भांडू नका. अंदाज हवा असेल तर साधं गणित आहे, वेगाचा (मीटर प्रति सेकंदात) वर्ग भागिले त्रिज्या, आणि जी हवेत म्हणून त्याला ९.८ ने भागा. ५५ मीटर त्रिज्येचं वळण ८० ने घेतलं तर ०.९ जीच्या थोडं वर. रस्त्यावरच्या टायरांना ते जवळजवळ टोक आहे. ॲप १.३ दाखवत असेल तर लॉगर हलतोय.

आता वापर. सेशन पंधरा-वीस मिनिटांचं असतं. संपलं की ताबडतोब फोन काढू नका. पाणी प्या, आणि वहीत एक ओळ लिहा: मला वाटतं वेळ कुठल्या वळणात गेला. मग आलेख उघडा. सगळ्यात चांगली लॅप आणि तिच्या खालोखालची, दोनच. आडव्या अक्षावर वेळ नको, अंतर हवं, म्हणजे दोन्ही लॅपमधलं तेच वळण एकमेकांखाली येतं.

माझी पहिली वही काढली की हसू येतं. मी लिहिलं होतं, 'वेगाच्या उजव्या वळणात घाबरतोय.' आलेखाने सांगितलं की तिथे दोन्ही लॅप जवळजवळ सारख्याच होत्या. वेळ जात होता मेन स्ट्रेटच्या आधीच्या हळू वळणात. चांगली वाटलेली जी लॅप होती, तिच्यात मी त्या वळणात ५ किमीने जास्त वेगाने शिरलो होतो, छाती फुगवून. पण आलेखातली वेगाची दरी, म्हणजे वळणातला सगळ्यात कमी वेग, उशिरा आली, पुढची चाकं घासत राहिली, ॲक्सिलरेटर उशिरा दाबला आणि बाहेर पडताना वेग ४ किमीने कमी. सरळ पट्ट्याच्या शेवटापर्यंत त्याचं पाव सेकंद झालं होतं. दरी एपेक्सच्या आधी तळाला पोचायला हवी, ही एकच खूण पहिल्या दिवशी शोधा.

दुसरी खूण म्हणजे डोंगराचा गोल माथा. सरळ पट्ट्याच्या शेवटी वेगाची रेघ टोकदार होऊन खाली यायला हवी. ती गोलसर असेल तर तुम्ही ॲक्सिलरेटर सोडून ब्रेकवर पाय ठेवेपर्यंत गाडी नुसती वाहतेय. माझ्या बाबतीत हा पाऊण सेकंद होता. १३० च्या वेगाला २७ मीटर गाडी कोणीच चालवत नव्हतं! ब्रेक उशिरा मारण्याआधी हे भरून काढा. ब्रेकिंग पॉइंट तोच ठेवा, फक्त तिथपर्यंत पाय दाबून ठेवा. धोका वाढत नाही, वेळ वाचतो.

ॲप एक 'आदर्श लॅप' दाखवतं, प्रत्येक टप्प्यातला आपला सर्वोत्तम वेळ जोडून. त्यावर जाऊ नका. एखाद्या टप्प्यातला विक्रम हा बऱ्याचदा पुढच्या वळणाची वाट लावूनच झालेला असतो.

दुपारी लॅप हळू होतात तेव्हा स्वतःला दोष देण्याआधी एक तपासा. वळणातून बाहेर पडतानाचा वेग सकाळइतकाच, पण पट्ट्याच्या शेवटचा वेग कमी असेल, तर इंजिन गरम हवा ओढतंय. टर्बो पेट्रोलमध्ये कोइम्बतूरच्या दुपारी हे स्पष्ट दिसतं. कूलंट नेहमीपेक्षा चढत चाललं तर तीच वेळ, एक लॅप हळू काढून आत या.

आयोजकांना मात्र आधी विचारा. इंग्लंडमध्ये बऱ्याच ट्रॅक डेला लॅप टायमिंगलाच बंदी असते, आपल्याकडेही ज्याचा त्याचा नियम असतो. आपल्या गाड्यांच्या नेहमीच्या विम्यात रेसिंग आणि स्पीड टेस्टिंग वगळलेलं असतं, हेही पॉलिसीत एकदा वाचून ठेवा.

जाता जाता, कारीचं नाव ज्या करिवर्धन यांच्यावरून आहे, त्यांनी मारुती ८०० च्या इंजिनावर रेसच्या गाड्या बनवून कित्येक पोरांना रेसिंगची वाट दाखवली. तुमच्या पोलोत त्याहून जास्त ताकद आहे, तेव्हा पहिल्या दिवशी गाडीत काही बदलू नका.

आणि परत निघताना ओबीडीचा डोंगल काढा. तो गाडी बंद असतानाही वीज पीत राहतो. मी एकदा विसरलो, घरी येऊन गाडी दहा दिवस उभी राहिली आणि अकराव्या दिवशी शेजारच्या काकांच्या स्विफ्टवरून जम्प स्टार्ट घ्यावा लागला.