गप्प झाला म्हणून फसू नका

'दिवसभर घरी एकटा राहिला की कुत्रा रडतो, काय करू?' हा तुमचा प्रश्न वाचून क्षणभर वाटलं, सहा वर्षांपूर्वी हा मीच लिहिला होता की काय! साडेदहा तास घराबाहेर, दीड वर्षाचा दत्तक आणलेला कुत्रा, कुरतडलेली दाराची चौकट, 'दिवसभर रडतो हो तो' म्हणणारे शेजारी, आणि शेवटी ते ठरलेलं वाक्य, 'सोबतीला दुसरा आणू का?' त्याचं उत्तर आधीच देऊन टाकते. नको. त्याला सोबत हवी आहे ती तुमची. दुसरा आणलात तर एकाच्या जागी दोघं रडण्याची शक्यता जास्त, आणि नाही रडला तरी पहिल्याचं रडणं थांबेलच असं नाही.

सकाळी फिरवणं, लसी, खाण्याच्या वेळा हे सगळं तुम्ही करत असणार असं धरून चालते. मी जनावरांची डॉक्टर नाही, एका कुत्र्याच्या अनुभवावर बोलतेय, तेव्हा तेवढं लक्षात ठेवून वाचा.

भुऱ्याला आणलं तेव्हा मी स्वतःवर भलतीच खूश होते. त्याला घराची सवय व्हावी म्हणून चक्क दहा दिवसांची रजा काढली. त्या दहा दिवसांत त्याला मिनिटभरही नजरेआड केलं नाही. बाथरूमचं दारसुद्धा किलकिलं, कारण बंद केलं की तो कुंई कुंई करायचा आणि माझं काळीज विरघळायचं. अकराव्या दिवशी पर्स उचलली, कुलूप लावलं आणि गेले ती दहा तासांनी उगवले. शून्यावरून थेट दहा तास! आज लिहितानाही लाज वाटते. परतले तर पायपुसण्याच्या चिंध्या, दाराचा खालचा भाग आतल्या लाकडापर्यंत ओरबाडलेला, हिरडीत बारीक कुसळं, आणि हनुवटीपासून छातीपर्यंत तो लाळेने ओलाचिंब. बाहेरच शू करणारा कुत्रा, पण दाराशी थारोळं.

मी ओरडले. त्याने कान पाडले, मान वळवली, आणि मला वाटलं, बघा, याला कळतंय आपण काय केलं ते. कळत वगैरे काही नसतं. कुत्र्यांच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये नेमका हाच प्रयोग प्रसिद्ध केला. तो अपराधी चेहरा मालकाच्या रागावण्यामुळे येतो, कुत्र्याने खरंच काही केलंय की नाही याच्याशी त्याचा संबंध दिसला नाही. म्हणजे दहा तास घाबरून बसलेल्या जिवाला मी दार उघडताच आणखी घाबरवलं. घरी आल्यावर काहीही दिसलं तरी मुकाट पुसून घ्या.

आता मला सगळ्यात महाग पडलेली गोष्ट. मी एका प्रशिक्षण केंद्रात गेले. तिथल्या गृहस्थांनी भुऱ्याकडे धड पाहिलंही नाही. म्हणाले, "लाडावलाय. पिंजऱ्यात ठेवा, रडला तर रडू दे, तीन दिवसांत ताळ्यावर येईल." घरी कॅमेरा लावून बघू का, असं मी दोनदा विचारलं. म्हणे काही गरज नाही, तुम्ही बघत बसलात की तुम्हीच विरघळाल. मी ऐकलं. आणि खरंच, चौथ्या दिवशी आवाज बंद! शेजारच्या काकू म्हणाल्या, गुणी झाला की गं. मी उरलेली फी आनंदाने भरून आले.

तीन आठवड्यांनी त्याच्या पुढच्या उजव्या पंजावर हात फिरवताना बोटं ओली झाली. दोन बोटांच्या मधले केस चाटून चाटून गेलेले, कातडी लाल, कच्ची. वरच्या सुळ्याचं टोक उडालेलं. डॉक्टरांनी तोंड उघडून पाहिलं आणि एवढंच विचारलं, "पिंजऱ्याला गज आहेत का?" त्या रात्री कॅमेरा मागवला. रेकॉर्डिंगमध्ये भुऱ्या चार तास बसलाच नाही. दाराकडे तोंड करून उभा, धापा टाकतोय, लाळ टपटप खाली पडतेय, पाण्याला तोंड लावलेलं नाही. आवाज मात्र अजिबात नाही.

हे घेऊन पुन्हा केंद्रात गेले तर उत्तर मिळालं, "रडणं थांबवायचं ठरलं होतं, ते थांबलं." वर पॅकेज संपल्याचं सांगून पुढच्या पॅकेजचा कागद पुढे सरकवला! असो. सगळेच प्रशिक्षक असे नसतात, मला पुढे एक फार चांगल्या बाई भेटल्या. पण कुत्रा न बघता 'रडू दे' म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका, हे मी कुणालाही सांगेन.

तर पहिलं काम कॅमेरा. जुना फोन टेकवून ठेवलात तरी चालेल. पहिला अर्धा तास नीट बघा. तुम्ही निघताच येरझाऱ्या, धापा, दारा-खिडकीशीच मोडतोड, आणि आवडता खाऊ समोर ठेवूनही तोंड लावत नसेल, तर ती एकटं राहण्याची भीती आहे. दोन तास मस्त झोपून मग उशी फाडत असेल तर तो कंटाळा आहे. कंटाळ्याला चावायला काहीतरी, हुंगत हुंगत रमतगमत फिरणं आणि दुपारी एक चक्कर पुरते. भीतीला हे पुरत नाही. तिथे तुमचा मित्र सांगेल तसं 'सकाळी पळवून दमवा' हेही चालत नाही. दमलेला घाबरट कुत्रा घाबरटच राहतो.

भीती असेल तर रेकॉर्डिंग घेऊन डॉक्टरांकडे जा. औषधाला नाक मुरडू नका, मी दोन महिने मुरडलं आणि ते वाया गेले. अमेरिकेत या त्रासासाठी कुत्र्यांकरता क्लोमिप्रामिन या औषधाला १९९८ मध्ये आणि फ्लुओक्सेटिनला २००७ मध्ये मान्यता मिळाली आहे (दोन्ही माणसांनाही देतात), म्हणजे हा काही कालचा प्रयोग नाही. गुण यायला काही आठवडे लागतात. आणि हो, घरातल्या माणसाच्या गोळ्यांतून अंदाजाने देऊ नका. डोस डॉक्टरच ठरवतील.

सोबत सराव. आम्ही सेकंदांपासून सुरुवात केली. किल्ल्या उचलायच्या आणि परत ठेवायच्या. बूट घालून सोफ्यावर बसायचं. दाराबाहेर जायचं, पाच सेकंदांनी आत. तो घाबरायच्या आत परत यायचं, एवढं एकच पथ्य. अत्यंत कंटाळवाणं काम आहे. चार तासांपर्यंत पोचायला आम्हाला सात महिने लागले.

आणि खरी अडचण इथेच आहे. सराव चालू असताना त्याला दिवसभर एकटं ठेवलं तर सकाळी विणलेलं दुपारी उसवतं. त्या काळात कुणीतरी लागतंच. वरच्या मजल्यावरचे निवृत्त आजोबा, कॉलेजात जाणारी भाची, पैसे देऊन ठेवलेली व्यक्ती, आठवड्यातून दोन दिवस घरून काम, अशी गोधडी मी शिवली. तुम्हाला जमेल का ते तुम्हीच ठरवा. नाहीच जमत असेल तर घरी माणूस असणाऱ्या कुटुंबाकडे त्याला देणं यात मला काही पाप दिसत नाही. यावर इथे काहीजण माझ्यावर तुटून पडतील, पडोत.

हे वाचून पिल्लू आणायच्या विचारात कुणी असेल तर जाता जाता: पिल्लाच्या वयाचे महिने अधिक एक, साधारण तितकेच तास ते शू धरू शकतं. तीन महिन्यांच्या पिल्लाला दहा तास कोंडणं हा त्याच्यावर अन्याय आहे. दुपारी घरी कुणीच नसेल तर चार-पाच वर्षांचा, एकटं राहायची सवय असलेला कुत्रा बघा. मोठे कुत्रे तसेही अर्धा दिवस झोपूनच काढतात. अर्थात मधे एकदा बाहेर नेणारं कुणी हवंच.

शेजाऱ्यांचं म्हणाल तर भांडू नका. मी काकूंना वही-पेन दिलं आणि रडण्याच्या वेळा लिहायला सांगितल्या. त्यांची तक्रार गेली, त्या कामाला लागल्या, आणि डॉक्टरांना ती वही रेकॉर्डिंगइतकीच उपयोगी पडली. तुम्ही उद्याच कॅमेरा लावा, तुम्ही गेल्यावर तो किती मिनिटांनी आडवा होतो तेवढं बघून लिहा, मग पुढचं बोलू.