टाकीच्या झाकणातून पेट्रोलचा वास येतो

प्रश्न : गाडी उन्हात उभी केली की टाकीजवळ पेट्रोलचा वास येतो. झाकण घरीच बदलता येईल का? – एक वाचक, भुसावळ

उत्तर : येईल, दहा मिनिटांचं काम आहे. पण आधी झाकणाच्या आतली रबरी रिंग पाहा. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांजवळ जातो. अशा उन्हात रबर कडक होतं, त्याला बारीक चिरा पडतात आणि पेट्रोलची वाफ तिथूनच निसटते. काही बीएस-6 गाड्यांत यामुळे ‘चेक इंजिन’चा दिवाही लागू शकतो.

नवं झाकण जुनं सोबत नेऊनच घ्या. आटे, व्यास आणि आतला व्हॉल्व्ह जुळायलाच हवा. पेट्रोल खर्च होतं तशी टाकीत हवा शिरावी लागते. बहुतेक झाकणांत ते काम हा व्हॉल्व्ह करतो. तो अडकला तर झाकण उघडताना जोराची ‘फुस्स’ ऐकू येते, गाडी अडखळतेही. म्हणून झाकणाऐवजी प्लास्टिकची पिशवी आणि बोळा कधीच नको.

काम सकाळी, मोकळ्या जागी, इंजिन थंड असताना करा. आसपास विडी-काडी, देवघरातला दिवा काही नको. झाकण सावकाश फिरवा, वाफ जाऊ द्या. झाकण गाडीला बांधून ठेवणाऱ्या पट्टीची खुंटी हाताने ओढून काढा. टाकीच्या तोंडाची कड कोरड्या सुती कापडाने पुसा, धुळीचा एक कण राहिला तरी रिंग नीट बसत नाही. नवी खुंटी दाबून बसवा, झाकण ‘टक्’ आवाज येईपर्यंत फिरवा. रिंगेला ग्रीस लावू नका, रबर फुगू शकतं.

‘चेक इंजिन’चा दिवा लागला असेल तर तो लगेच विझत नाही, काही दिवस गाडी चालवा. तरीही वास राहिला, तर टाकीच्या नळीचा जोड मेकॅनिककडून तपासून घ्या.