पाय पुसू नकोस

पोरी,

शाहू स्मारकच्या पायऱ्यांवर मला गाठून मोबाईलवर चित्र दाखवलंस आणि विचारलंस, "सर, प्रभावळ काढू की नको?" मार्केट यार्डातला हमाल, पाठीवर गुळाचे रवे, चेहरा येशूचा. कल्पना झकास. पण गुडघ्याखाली नुसती सावली मारलीयस. पाय कुठं गेले त्याचे? रात्री झोप लागेना, म्हणून लिहितोय.

इटलीचा चित्रकार काराव्हाज्जो, त्यानं १६०४च्या सुमारास लोरेतोची मरियम, म्हणजे येशूची आई, रंगवायला घेतली. दारात ती बाळाला घेऊन उभी, समोर दोन गरीब यात्रेकरू गुडघे टेकून. त्यातल्या बाप्याचे मळके तळवे थेट आपल्या नाकासमोर, आणि तेही रोममधल्या चर्चच्या वेदीवर! मरियमसुद्धा अनवाणीच. प्रभावळ आहे, पण तारेएवढी बारीक. जोतिबाला अनवाणी जाणाऱ्याला हे चित्र समजावून सांगावं लागत नाही.

व्हॅन गॉग १८७९ साली बेल्जियममधल्या बोरिनाजला, कोळसा खाणींच्या मुलखात, धर्मोपदेशक होता. अंगावरचे कपडे वाटून टाकले, गवतावर झोपला. वरच्यांना हा अतिरेक वाटला, त्यांनी काढून टाकलं. पुढं १८८५ला 'बटाटे खाणारे' रंगवलं. त्यात भिंतीवर क्रुसावरच्या येशूची छोटी तसबीर आहे, अंधारात. बघितलीस कधी? नाहीच दिसत चटकन. दिसतात ते माती उकरलेले हात.

आता माझं ऐक. एका प्रार्थनामंदिरासाठी मी शिष्यांचे पाय धुणारा येशू रंगवत होतो. पेत्राला आमच्या गल्लीतल्या गवंड्याचे पाय दिले, चुन्यानं फुटलेले. मंडळी म्हणाली, "जरा स्वच्छ करा." केले मी. अरे, पाय स्वच्छच असतील तर तो धुतोय कशाला? हे तेव्हा तोंडातून फुटलं नाही. लेकीची फी थकली होती, रंगवाल्याची उधारी होती. माझ्या जागी कुणीही तेच केलं असतं. तू केलं असतंस का? असो. चित्र अजून तिथं आहे, लोक हात जोडतात, आणि मी त्या रस्त्यानं जात नाही.

म्हणून परत सांगतो, पाय पुसू नकोस. सावलीत ढकलणं म्हणजे पुसणंच की.

उद्या सौदे निघायच्या आधी यार्डात जा. मोबाईल नको, वही आणि कोळसा ने. हमालाला आधी नाव विचार, चहा पाज, मग खाली बस. दहा-बारा पानं पाय काढून आण. प्रभावळीचं तेव्हा बघू.

तुझा,
सर