उधाण आधी, ‘स्प्रिंग टाइड’ मागाहून

प्रश्न : मी दापोली तालुक्यातील किनाऱ्यालगतच्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत सातवीला भूगोल शिकवते. यंदा मराठी शाळेतून आलेल्या नऊ मुलांना इंग्रजीतील साधे वाक्यही लागत नाही. त्यांचे इंग्रजी आधी पक्के करावे, की विषय शिकवत राहावे?

उत्तर : विषय थांबवू नये. कॅनडातील भाषातज्ज्ञ जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये रोजच्या बोलण्याची भाषा आणि अभ्यासाची भाषा यांत भेद केला. पहिली साधारण दोन वर्षांत येते, तर दुसरीला पाच ते सात वर्षे लागतात, असे कॅनडात स्थलांतरित होऊन आलेल्या मुलांच्या त्यांनी केलेल्या अभ्यासातून दिसले. ती मुले तर इंग्रजीच्याच वातावरणात वाढत होती. आपल्या मुलांच्या कानावर इंग्रजी पडते ते फक्त वर्गात. तेवढा काळ भूगोल कसा थांबवणार?

भरती-ओहोटीचा पाठच घ्या. अमावास्या-पौर्णिमेला उधाण येते आणि अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे कमी चढउताराची भरती, असतो, हे कोळीवाड्यातील मुलाला पुस्तक उघडण्यापूर्वीच ठाऊक असते. ते त्याला मराठीत सांगू द्यावे, सूर्य, चंद्र व पृथ्वी यांची आकृती त्याच्याकडूनच फळ्यावर काढून घ्यावी आणि मग उधाणाशेजारी ‘स्प्रिंग टाइड’, भांगाशेजारी ‘नीप टाइड’ लिहावे. येथे एक खाचखळगा आहे : इंग्रजीच्या तासाला ‘स्प्रिंग’ म्हणजे वसंत ऋतू असे शिकलेले मूल ही भरती वसंतातच येते असे समजते. या शब्दाचा येथील अर्थ उसळणे असा आहे, हे सांगितले की उधाणाशी त्याचे नाते मुलाला आपोआप कळते.

पुढे आठवडाभर मुलांना घरून भरतीच्या वेळा लिहून आणायला सांगावे. भरती रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते, हे आकड्यांतूनच दिसेल. बोलण्यासाठी ‘टुडे हाय टाइड इज ॲट...’ एवढे अर्धे वाक्य फळ्यावर असले की सर्वांत बुजरे मूलही ते पूर्ण करते. एका तासाला पाच-सहा नव्या शब्दांहून अधिक देऊ नयेत, असे मला वाटते.

तपासताना मात्र जपावे. ‘मून पुल वॉटर’ असे लिहिणाऱ्या मुलाला कारण समजले आहे. भूगोलाचे गुण त्याला द्यावेत आणि शुद्ध वाक्य शेजारी पेन्सिलीने लिहावे.