एकच शब्द पुन्हा पुन्हा येऊनही कविता कशी बांधली जाते?

तुम्ही विचारलंय की शब्दाची पुनरुक्ती टाळा असं शाळेत शिकवतात, मग मोठे कवी तोच शब्द परत परत का वापरतात? आणि शब्दांच्या निवडीमुळे कविता एकसंध होते म्हणजे नेमकं काय होतं?

मी मुद्रितशोधनाचं काम करते. सुरुवातीच्या काळात एका कथेत 'उंबरा' चार वेळा आला होता, म्हणून मी दोन ठिकाणी 'चौकट' करून टाकलं. लेखिकेनं दोन्हीकडे पुन्हा 'उंबरा' लिहिलं आणि समासात एवढंच म्हटलं, "ती सून म्हणून आली तोच उंबरा आहे हा." तेव्हापासून शब्द बदलण्याआधी मी तो मागे कुठे आलाय ते शोधते.

तुकोबांचा हा अभंग बघा (छापील प्रतींत एखाद्या मात्रेचा फरक दिसेल):

आम्हां घरीं धन शब्दांचींच रत्नें ।
शब्दांचींच शस्त्रें यत्न करूं ॥
शब्दचि आमुच्या जीवाचें जीवन ।
शब्द वाटूं धन जनलोकां ॥
तुका म्हणे पाहा शब्दचि हा देव ।
शब्देंचि गौरव पूजा करूं ॥

'शब्द' सहा वेळा आलाय, प्रत्येक कडव्यात दोनदा. बदलत जातं ते त्याच्या शेजारचं: रत्न, शस्त्र, जीवन, धन, देव. मधल्या कडव्यात 'वाणी' आणि शेवटी 'बोल' घालून मोठ्यानं म्हणून पाहा. अर्थ फारसा बिघडणार नाही, पण माळेचा दोरा तुटतो.

'धन' दोनदाच येतं. पहिल्यांदा ते 'आम्हां घरीं' असतं, दुसऱ्यांदा 'जनलोकां' वाटायला निघतं. घरातून लोकांत जाण्याचा हा सगळा प्रवास त्या एका शब्दावर तोललेला आहे, आणि 'धन'ला लागूनच 'जन' येतो तेव्हा कानालाही तो पटतो.

आता 'च' बघा. पाच ठिकाणी शब्दाला 'च' किंवा 'चि' चिकटलाय: हेच, दुसरं काही नाही. फक्त 'शब्द वाटूं' इथे तो नाही. अभंगाच्या या चरणात सहाच अक्षरं, तिथे तो बसलाही नसता, हे खरं. तरी म्हणताना मला दर वेळी त्या जागी घट्ट मिटलेली मूठ उघडल्यासारखी वाटते.

पुनरुक्ती हा एकच मार्ग नाही. बहिणाबाईंच्या 'अरे संसार संसार'मध्ये तवा, चूल, हाताचे चटके, भाकर हे सगळे शब्द एकाच चुलीपुढचे आहेत. 'चटके'च्या जागी 'वेदना' घातलीत की बाई चुलीपासून उठून गेलीच.

आणि कधी कधी एकटा शब्द दोन गोष्टी शिवून टाकतो. तुकोबा देहूच्या वाण्याच्या घरातले. १६३०च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांचा व्यापार बुडाला, पहिली बायको गेली. त्याबद्दल ते लिहितात:

दुष्काळें आटिलें द्रव्य नेला मान ।
स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली ॥

'बुडालें' म्हणता आलं असतं, 'गेलें' म्हणता आलं असतं. तुकोबांनी 'आटिलें' घेतलं. आटते ती नदी, आटते ती विहीर. पाऊस नाही आणि घरात पैसा नाही, या दोन्ही गोष्टी त्या एका क्रियापदात आल्या. 'पाणी' हा शब्द काढावाच लागला नाही. आणि पुढचं 'अन्न अन्न' मी पुनरुक्ती म्हणून मोजतच नाही. तो त्या बाईचा आवाज आहे, जसा ऐकला तसा लिहिलेला.