आधी दरजा बघ, मग खिडक्या

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

मॅसॅच्युसेट्समधल्या लोवेलच्या जुन्या कापडगिरणीतला लॉफ्ट, म्हणजे गिरणीच्या मजल्यावर केलेलं घर, मनात भरल्याचं तुझं पत्र मिळालं. उंच छत, उघडे लाकडी वासे, पुरुषभर उंचीच्या खिडक्या, खाली कालवा. वीस वर्षांपूर्वी मीही असाच भुललो होतो. माझे वडील परळला गिरणीत साच्यांवर, म्हणजे कापड विणायच्या मागांवर, होते. ८२च्या संपानंतर तिकडे बऱ्याच गिरण्या गेल्या आणि टॉवर आले. लोवेलमध्ये १९७८ साली राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झालं आणि जुन्या गिरण्या टिकून राहिल्या. बूट मिलच्या संग्रहालयात अजून साचे चालवून दाखवतात. तो खडखडाट एकदा ऐकून ये. आपण कुणाच्या कामाच्या जागेत झोपणार आहोत, ते कळायला हवं.

आता घराचं. आत जाण्याआधी बाहेरून भिंत बघ. जुनी वीट मऊ असते आणि तिच्या दरजांत, म्हणजे विटांमधल्या सांध्यांत, चुना असतो. भिंतीत मुरलेलं पाणी त्या चुन्यातून वाळून जातं. त्याजागी कडक सिमेंट भरलं की पाणी विटेतच अडकतं, हिवाळ्यात गोठून फुगतं आणि विटेचे पापुद्रे सुटू लागतात. आमच्या इमारतीत नेमकं हेच झालं. स्वस्त पडतं म्हणून सिमेंट भरून घेतलं, आणि सहा वर्षांत सगळं खरवडून पुन्हा चुन्यात करावं लागलं. माझ्या वाट्याला चार महिन्यांचा पगार आला. थंडी वाजते म्हणून उघड्या विटेवर आतून इन्सुलेशन चढवायचं असेल, तरी आधी जाणकाराला विचार. भिंत जास्त गार राहिली की ओल आतच धरते.

कॉंडोत तू खोल्या विकत घेतेस, पण छप्पर आणि भिंती सामाईक. त्यांच्या खर्चातला तुझा हिस्सा मास्टर डीडमध्ये, म्हणजे इमारतीच्या मूळ दस्तात, ठरलेला असतो. मॅसॅच्युसेट्समध्ये विकणाऱ्याकडून ‘सिक्स-डी’ दाखला मिळतो. सामाईक खर्चाची किती थकबाकी आहे एवढंच त्यातून समजतं; पुढच्या वर्षी छप्पर काय मागणार, ते समजत नाही. म्हणून घरमालकांच्या असोसिएशनच्या सभांची तीन वर्षांची इतिवृत्तं माग, राखीव निधी किती ते विचार. एकच गळती तीन सभांत आली असेल, तर ती अजून थांबलेली नाही असं समज.

खिडक्या मनाला येईल तशा बदलता येणार नाहीत, असोसिएशनची आणि बहुधा शहराच्या हिस्टॉरिक बोर्डाचीही परवानगी लागेल. आणि रात्री दहाला एक चक्कर मार. वरची माणसं घरी असताना त्या लाकडी जमिनीतून काय काय ऐकू येतं, ते घर दाखवायला ठेवलेल्या दुपारच्या ओपन हाऊसमध्ये कळत नाही.

घाईने सही करू नकोस. इतिवृत्तं हातात आली की मला पाठव. शनिवारी मी मोकळा आहे, फोनवर पान-पान सोबत वाचू.

तुझा,
काका